भास्करमामा, सील तुम्ही तोडलंत

मामा,

तुमच्या जलदान विधीला जेवढे बोलले तेवढे सगळे खोटं बोलले. एक म्हणाला, भास्करराव साधे होते. दुसरा म्हणाला, निगर्वी होते. तिसऱ्यानं तर कमाल केली. म्हणाला, या माणसानं आयुष्यात कधी आवाज चढवला नाही. मागच्या रांगेत आपल्या संस्थेतली रंजनाताई माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "सुजाता, ह्यो कोणच्या भास्कररावाबद्दल बोलायलाय गं?"

तुम्ही आणि साधे? कुणाच्या बोअरची जळालेली मोटार नवी तार भरून चालू केली की तुम्ही दुकानाच्या पायरीवर उभं राहून सगळ्या वस्तीला हाक मारायचात, "या रे, पाणी बघा रे!" जणू पाणी जमिनीतून नाही, तुमच्या खिशातून आलंय. मजूर संस्थेचे अध्यक्ष तुम्ही कसे झालात तेही मला माहीत आहे. नावं लिहायला पहिला पेन तुमच्या हातात आला, एवढंच.

मलाही बोलायला उठवत होते. मी उठले नाही. मला श्रद्धांजली येत नाही, पत्रक येतं. पत्रकात आधी प्रश्न लिहितात, मग दोषी कोण ते लिहितात, मग मागणी लिहितात. आपल्या दोघांत प्रश्नावर एकमत होतं, बॅटरीचा. दोषीवरही होतं, पुरवठादार. मागणीवर मात्र आपलं शेवटपर्यंत जमलं नाही, आणि ते भांडण अर्धवट टाकून तुम्ही गेलात. हे मला मान्य नाही. म्हणून लिहितेय.

त्या दुष्काळाचं तुम्हाला सांगायची गरज नाही, पण हे दुसरेही वाचतील. त्या वर्षी सगळ्यांआधी तुमचं दुकान बसलं. गिऱ्हाईक का नाही असं कुणी विचारलं की तुम्ही म्हणायचात, "मोटार जळायला आदी बोअरात पाणी लागतं बे. पाणीच न्हाई तर जळणार काय, नशीब?" आणि स्वतःच हसायचात. बाकी कुणी हसत नसे. मग लिंबागणेशच्या रस्त्याला जनावरांची चारा छावणी पडायची ठरली आणि तिथले पत्र्याचे शेड घालायचं काम आपल्या संस्थेला मिळालं. विहाराच्या बाजूची आपली घरं आणि पलीकडच्या गल्लीतली काही मराठ्यांची, ज्यांच्याकडे नावाला जमीन होती आणि तोंड धुवायला पाणी नव्हतं, अशी आपली संस्था. माझ्या आईचं ठरलं होतं. हे काम टिकलं तर ती गावात राहणार. गेलं तर पुण्याकडे बांधकामावर जाणार. गाठोडंसुद्धा बांधून कोपऱ्यात ठेवलं होतं तिनं. मी अंबाजोगाईला शिकत होते, कॉलेज अर्धवट टाकून त्या गाठोड्याकडे बघत घरी बसले होते.

माळावर लाइट नव्हती. पत्रे ठोकायला बॅटरीवरची ड्रिलं लागणार होती आणि ती आपल्याकडे होती. मजूर संस्थांना साहित्य द्यायच्या योजनेत मिळालेली. वाटपाचा फोटो अजून संस्थेच्या खोलीत आहे. ड्रिल आईच्या हातात आहे, साहेबांचा हात ड्रिलच्या टोकाला आहे, जेवढा लांबून धरता येईल तेवढा लांबून. हारतुरे झाले, पेढे झाले. वर्ष व्हायच्या आत बॅटऱ्या बसल्या. चार्जरला लावली की लगेच हिरवा दिवा, ड्रिलला लावली की दोन स्क्रूत मान टाकायची.

आपण दोघं बीडला पुरवठादाराच्या दुकानात गेलो. तो म्हणाला, हे मॉडेल बंद झालंय. बॅटरी बाहेरून मागवावी लागेल, आणि त्या किमतीत थोडी भर घातली तर नवं ड्रिलच येतं, मग बॅटरी कशाला घेता? हे त्यानं सल्ला म्हणून सांगितलं. मी ते गुन्ह्याची कबुली म्हणून लिहून घेतलं.

आजही मी तेच म्हणते. वस्तू अशी बनवायची की तिचं एकच अंग मरावं, आणि ते अंग नव्या वस्तूच्या भावात विकायचं. ह्याला व्यापार म्हणत नाहीत. माणसाची चप्पल झिजली तर त्याला कुणी म्हणत नाही की पाय नवा घे. पण मजुराच्या हातात हत्यार देताना हेच म्हटलं जातं, आणि वर त्याचा फोटो काढला जातो.

परत येताना एसटीत आपलं भांडण सुरू झालं. मी म्हणाले, "मामा, सगळ्या बॅटऱ्यांचा पंचनामा करायचा. सील करायच्या. तक्रार करायची, आणि सुनावणीला साहेबांच्या टेबलावर ओतायच्या."

तुम्ही म्हणालात, "आन् तवर पत्रे कशानं ठोकायचे? तुझ्या निवेदनानं?"

"काम थांबलं तर त्यांच्यावर दबाव येईल."

"काम थांबलं तर तुझ्या आईवर दबाव येईल, पोरी. साहेबाला कावून यील?"

पुढच्या सीटवरचा माणूस मागे वळून म्हणाला, "खरंय मामांचं." तुम्ही त्याला ओळखतही नव्हतात. तरी त्याच्याकडे बघून तुम्ही असा हात केलात, की जणू निवडणूक जिंकलात.

पंचनामा मी केलाच. विहारासमोरच्या पारावर, पंच बसवून, सह्या घेऊन. पांढऱ्या कापडात बॅटऱ्या बांधल्या, गाठीवर लाख ओतली. तुम्ही बाजूला बिडी ओढत उभे होतात. "काय गं, ह्यांचा दफनविधी करायलीस का?" असं विचारलंत, आणि पंचसुद्धा हसले. पंचनाम्यातल्या पंचांनी हसू नये, एवढी साधी गोष्ट त्या दिवशी मला कुणाला समजावता आली नाही.

ट्रॅक्टरखाली येऊन फुटलेली एक बॅटरी मी पंचनाम्यात घेतली नव्हती. तिचं रिकामं टरफल तुम्ही उचललंत. दुसऱ्या दिवशी माळावर बघते तर तुमच्या पाठीवर फवारणीचा पंप. पंपाची टाकी रिकामी, बुडाला असते ती बारा व्होल्टची बॅटरी तेवढी भरलेली. तिथून वायर काढलेली, मध्ये फ्यूज, आणि वायरचं टोक त्या टरफलात जोडून टरफल ड्रिलच्या बुडाला बसवलेलं. ड्रिलही बाराचंच. चालत होतं! पाठीवर पंप, हातात ड्रिल, आणि तुम्ही माळावर फिरत होतात, जणू पत्र्यांवर फवारणी करायला निघालाय. पलीकडच्या गल्लीतला एक जण ओरडला, "मामा, माव्याची कीड लई पडलीय, जरा इकडंबी मारा!"

आईनं तो पंप पाठीला लावला आणि शिडीवर चढली. अर्ध्यात वायर लाकडी बल्लीला अडकली. ती तिथं अडकलेली, खाली येईना, वर जाईना. "भाऊ," ती वरून म्हणाली, "ह्ये तर वेसण घातल्यावानी झालंय. सोडवा की आता." त्यात त्या पंपांच्या बॅटऱ्याही पुरल्या नाहीत. त्या साली फवारणी करायला पीकच नव्हतं. घरोघरी पंप खुंटीला टांगलेले, महिनोन्‌महिने कुणी चार्ज केले नव्हते. असली बॅटरी पडून राहिली तरी आतून जाते. आठ घरांतून पंप मागून आणावेत तेव्हा एखादा दमाचा निघायचा.

मग तुम्ही भंगारवाल्याकडून लॅपटॉपच्या जुन्या बॅटऱ्या आणल्यात. त्यातही तसेच गोल सेल असतात, बोटाहून जरा जाड. तुम्ही जाहीर केलंत की प्रश्न सुटला, तोही फुकटात. मी म्हणाले होते, हे चालणार नाही. खरं सांगायचं तर मला त्यातलं काही कळत नव्हतं, फक्त तुम्ही एवढ्या मोठ्यानं म्हणताय म्हणजे चूक असणार, एवढंच माझं शास्त्र होतं. ते बरोबर निघालं. मोकळं फिरवलं की ड्रिल वाऱ्यासारखं फिरायचं, स्क्रू लाकडात शिरायला लागला की घोगरं व्हायचं आणि थांबायचं, आणि टरफल हाताला चटका लागेल इतकं तापायचं. हरलात हे तुम्ही कबूल केलं नाही. म्हणालात, "लॅपटॉपचा सेल म्हंजे बशीतनं च्या पिणारा माणूस हाय. ड्रिलला एका दमात तांब्या लागतो." हे वाक्य पुढे तुम्ही इतक्यांदा वापरलंत की लोकांना वाटलं, आधीपासून तुम्हाला हेच म्हणायचं होतं.

आणि मग तुम्ही सील तोडलंत.

भर दुपार होती. मी संस्थेच्या खोलीत आले तर कापड सोडलेलं, लाखेचे तुकडे फरशीवर, सगळ्या बॅटऱ्यांची पोटं उघडी. तुम्ही मांडी घालून बसलेले, हातात मीटर. समोर रंजनाताई. तुम्ही एकेक सेल मोजत होतात आणि ती खडूनं त्यावर खूण करत होती.

मी म्हणाले, "हा पुरावा होता."

"ह्येच्यात बघ," तुम्ही म्हणालात. "तीन सेल असत्यात. दोन चांगले हायती, एक बसलाय. एक बसला की तिघंबी बसल्यावानी दिसत्यात. चांगले चांगले निवडायचे, सारख्या मापाचे शेजारी घालायचे. तीन मेलेल्यातनं दोन जित्त्या निघत्यात की!"

"मामा, हा पंचनामा केलेला माल आहे. ह्यावर पंचांच्या सह्या आहेत."

"मंग सह्या परत घे. पंच कुटं गेलेत? तिकडंच पत्रे धरून उबे हायत."

मी रंजनाताईकडे बघितलं. तिचीही त्या पंचनाम्यावर सही होती. ती खाली मान घालून म्हणाली, "माझी सही हाय ते खरंय. पर मलाबी स्क्रू मारायचेत ना गं."

मी तुम्हाला फितूर म्हणाले. चळवळीत यापेक्षा वाईट शब्द नाही, तो जपून वापरायला मला शिकवलं होतं, तरी वापरला. तुम्ही रंजनाताईकडे सेल जोडायची पट्टी मागितलीत.

पुढचे काही दिवस मी तिथं गेले नाही असं मी सांगत फिरत होते. जात होते. दाराबाहेर उभी राहत होते. पलीकडच्या गल्लीतल्या उभ्या ट्रॅक्टरची बॅटरी तुम्ही मागून आणली होती. नांगरटच नव्हती, तर ट्रॅक्टरला तरी ती कशाला हवी होती? त्या बॅटरीच्या झटक्यानं पातळ निकेलची पट्टी सेलला चिकटवायचं एक छोटं यंत्र तुम्ही कुरिअरनं मागवलं होतं. चट् असा आवाज यायचा, ठिणगी उडायची, पट्टी पक्की. रंजनाताईला तुम्ही दर वेळी ओरडायचात, "सोल्डरिंगची गन टेकवू नगंस! सेल तापला की आतनं जातो. आन् ती हिरवी पट्टी काढून फेकू नगंस, तीच राखणदार हाय. सेल जास्ती भरला, जास्ती तापला की तीच तोडती." ती म्हणायची, "मामा, दहांदा सांगितलंव तुमी." "मंग अकराव्यांदा ऐक."

शेड झाले. सगळे झाले. आईनं गाठोडं सोडलं आणि त्यातलं जाड लुगडं वाळत घातलं, एवढंच केलं. पण त्या संध्याकाळी तिनं तुमच्या घरी भाकरी पाठवल्या, माझ्याच हातून. मी त्या तुमच्या ओट्यावर ठेवल्या आणि हाक न मारता परत आले.

आता सुनावणी. हे मी शांतपणे लिहायचं ठरवलंय.

तक्रार मी तरीही चालवली होती, जिल्ह्यातल्या बाकी संस्थांच्याही वतीनं. कागदपत्रं होती, पुरवठादाराचं ते बोलणं लिहिलेलं होतं. मी तुम्हाला पढवलं होतं, मामा, तुम्ही काही बोलायचं नाही. शेड कसे केले विचारलं तर सांगायचं, हातानं केले, खिळ्यांनी केले. तुम्ही मान डोलावली होती. तुमच्या खांद्याला पिशवी होती. पिशवीत काय आहे हे मी विचारलं नाही.

पुरवठादाराचा माणूस आधी बोलला. म्हणाला, साहेब, माल उत्तम होता. पण ह्या लोकांना फुकट मिळालं की किंमत नसते. वापरायची अक्कल नाही. कसं चार्ज करायचं कळत नाही, कुठं ठेवायचं कळत नाही. ड्रिल आणि मुसळ ह्यांना सारखंच.

"ह्या लोकांना" असं तो म्हणाला. त्याचा अर्थ त्या खोलीतल्या प्रत्येकाला कळला. साहेबांनाही कळला, त्यांनी खाली कागदाकडे बघितलं.

मी ते वाक्य लिहून घेत होते. आणि तुम्ही उठलात, पिशवीतून ड्रिल काढलंत, आणि घोडा दाबलात.

त्या बंद खोलीत केवढा आवाज झाला तो! तुम्ही ते फिरतं ड्रिल त्या माणसाच्या तोंडापुढे धरलंत आणि म्हणालात, "आमाला अक्कल न्हाई, व्हय? ही तूच दिलेली मेलेली बॅटरी हाय. ह्याच हातानं उठवलीय. आता तू सांग, हिच्या पोटात काय काय असतंय? सांग की बे!"

तो मागं सरकला. पण साहेबांना एवढंच दिसलं की ड्रिल फिरतंय. "म्हणजे चालू आहे," ते म्हणाले. "तक्रार निकाली."

जिन्यावर मी तुमच्यावर ओरडले. कचेरीतले शिपाई बाहेर येऊन बघत होते. "एक अपमान गिळता आला नाही तुम्हाला? एक दिवस? अख्ख्या जिल्ह्यातल्या संस्थांची तक्रार होती ती!"

तुम्ही ड्रिल पिशवीत घालत म्हणालात, "तू त्याची शिवी पत्रकात छापणार व्हतीस. मला तितंच उत्तर द्यायचं व्हतं."

"उत्तर देऊन मिळालं काय?"

"त्येचं तोंड बगितलंस का?" तुम्ही म्हणालात, आणि तुम्ही हसत होतात.

मला त्या हसण्याचा राग वर्षानुवर्षं होता. प्रत्येक बैठकीत आपण तेच बोललो. मी म्हणायचे, तुमच्यासारखी माणसं दुरुस्त करत बसतात म्हणून लुटणाऱ्यांचं फावतं. ते मोडतात, आपण जोडतो, आणि हिशेबात मोडणाऱ्याचा गुन्हाच उरत नाही. तुम्ही म्हणायचात, तुझा न्याय यीस्तोवर माणसं उपाशी उबी राहत्यात, मंग तो न्याय घ्यायला जिल्ह्यात कुणी उरत न्हाई. दोन्ही वाक्यं खरी होती. म्हणूनच भांडण संपत नव्हतं.

मग तुम्ही अंबाजोगाईच्या दवाखान्यात. मी भेटायला आले तेव्हा तुम्ही खाटेवर उशीला टेकून शेजारच्या खाटेवरच्या माणसाला त्याच्या रेडिओचे सेल कसे उलटे बसलेत हे समजावत होतात. मला बघून म्हणालात, "आली पत्रकवाली." संस्थेला पुन्हा योजनेतून ड्रिलं मिळाली होती. पुरवठादार तोच. बॅटऱ्या पुन्हा तशाच बसायला लागल्या होत्या. मी नव्या तक्रारीचा मसुदा वाचून दाखवला. तुम्ही डोळे मिटून ऐकलात. मग सहज, अगदी सहज, बाहेर ऊन किती आहे हे विचारावं तसं म्हणालात, "ते जुने सेल व्हते का नव्हते, ते लिव्हलंस का?"

"कुठले जुने?"

"त्या वक्ताचे गं. त्येच्यातले मेलेले सेल आदीच कुटंतरी वापरलेले व्हते की. वरचं रंगीत कातडं नवं, आत जुन्या वेल्डिंगचे डाग. कुणाच्या तरी भंगारातनं काडून, नवी कापडं घालून आपल्या माथी मारलेले."

मी मसुदा खाली ठेवला. "हे तुम्हाला तेव्हाच दिसलं होतं?"

"उगडल्या उगडल्या दिसलं."

"मग सांगितलं का नाही? मामा, सुनावणीत हे सांगितलं असतं तर... ते मेलेले सेल कुठं आहेत?"

"भंगारात दिले. मेलेल्याचं काय लोणचं घालायचं?" मग माझ्याकडे बघून म्हणालात, "आन् तू कदी विचारलंस? तू तर सील लावायलतीस."

मी सिस्टरांनी हटकेपर्यंत भांडले. तुम्हीही भांडलात. खोकत खोकत भांडलात. मी पुरावा न उघडता बांधून ठेवला, तुम्ही उघडला आणि फेकून दिला. पुरावा माझ्याकडे असून मला कळला नाही, तुम्हाला कळून तुमच्याकडे राहिला नाही. एवढ्याशा गोष्टीसाठी आपण दोघं एवढी वर्षं एकमेकांना मूर्ख म्हणत होतो, आणि दोघंही बरोबर होतो. निघताना मी म्हणाले, पुढच्या आठवड्यात येते, मग बघते तुमच्याकडे. तुम्ही म्हणालात, "ये की. मी कुटं पळून चाललोय?"

मी आले तेव्हा खाट रिकामी होती.

जे तुम्हाला सांगितलं नाही ते आता सांगते. त्या कचेरीत तुम्ही ड्रिल फिरवलंत तेव्हा मी रागावले होते, ते खरं. पण ते नंतर, जिन्यावर. आधी, त्या पहिल्या क्षणी, तो आवाज सुरू झाला आणि तो माणूस मागं सरकला, तेव्हा माझा पेन हातातच राहिला होता, आणि माझी मान ताठ झाली होती. मी कितीतरी पत्रकं लिहिली. स्वाभिमान हा शब्द त्यात इतक्यांदा लिहिला की तो झिजून गुळगुळीत झाला. तो दिसतो कसा, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. आणि जिन्यावर येऊन तुमच्यावर ओरडले. तेही बरोबरच होतं. पण आधीचं सांगायचं राहिलं.

आता बैठकीचं सांगते. तुमच्यानंतर संस्थेची बैठक झाली. साल पुन्हा कोरडं आहे. रोपवाटिकेच्या शेडनेटच्या सांगाड्याचं काम हातात आहे, आणि त्यासाठी ड्रिलं चालायला हवीत. आई म्हणाली, "पुरावा का काम, ते आदी ठरवा, मंग माझं मी ठरवते." ती कुठल्या गाठोड्याबद्दल बोलतेय ते मला कळलं.

मी उठून सांगितलं की पंचनामा करायचा, पण बॅटऱ्या उघडून करायचा. पुन्हा त्याच पारावर पंच बसले. रंजनाताईनं एकेक बॅटरी उघडली, मीटर लावलं, आकडा मोठ्यानं सांगितला, मी लिहिला. सेलचं रंगीत कातडं पात्यानं चिरलं. सगळ्यांत डाग नव्हते, हे मी लिहिलंय, खोटं लिहिणार नाही. काहींत नुसता जोड सुटला होता. पण पुष्कळ सेलांवर होते. आतल्या पत्र्यावर जुन्या पट्टीचे ओरबाडे, चांगले दिसतील असे. एका पंचानं बोट लावून बघितलं आणि म्हणाला, "आयला, ह्ये तर कुणाचं तरी उष्टं हाय." ह्या वेळी कुणी हसलं नाही. बसलेले सेल मी सील केले. चांगले रंजनाताईनं उचलले, आणि कामापुरत्या बॅटऱ्या दुसऱ्या दिवशी जेवणाच्या आत उभ्या केल्या. तिचा हात तुमच्याहून साफ आहे. हे मी तुम्हाला चिडवायला लिहीत नाही, खरंच आहे.

आई कामावर जातेय. सुनावणी पुढच्या मंगळवारी आहे. पुरवठादारानं लेखी उत्तरात पुन्हा तेच लिहिलंय, सदस्यांना साहित्य वापरण्याचे ज्ञान नाही. त्याच्या शेजारी मी रंजनाताईचं नाव साक्षीदार म्हणून घातलंय. तिला पढवलेलं नाही. विचारतील ते ती सांगेल, आणि नाही विचारलं तरी सांगेल.

मामा, ही तक्रार आपण जिंकू. सगळं माझ्या बाजूनं आहे, मध्येच उठून घोळ घालणारं कुणी नाही. पण मला ती तुमच्याशी भांडून जिंकायची होती.